एका एकराचा भाव कोण ठरवतं?

नोव्हेंबर २०२२मध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या सू काउंटीत ७३ एकर शेतजमिनीचा लिलाव झाला. शेवटची बोली एकरी ३०,००० डॉलरवर थांबली. त्या वेळच्या विनिमय दराने हे एकरी जवळपास चोवीस लाख रुपये झाले. जवळ महानगर नाही, आणि जमीन बिगरशेती करून तिथे वसाहत उभी राहील अशी चिन्हंही नाहीत. त्या रानात मका आणि सोयाबीन पिकतं आणि पुढेही तेच पिकणार आहे.

अशी बातमी वाचली की सामान्य माणसाला लगेच प्रश्न पडतो: मका विकून हे पैसे कधी फिटायचे? त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो: जमिनीला सोन्याचा भाव असेल, तर तिथली शेतकऱ्यांची मुलं शेती सोडून का जातात? या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. ती सोडवण्यासाठी आधी जमीन, मग पीक, मग खंड, मग व्याज आणि शेवटी माणसं, अशा क्रमाने जाऊ.

१. सू काउंटी कुठे आहे?

आयोवा राज्यात ९९ काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या तालुका आणि जिल्हा यांच्या मधलं काहीतरी. तिचं स्वतःचं न्यायालय असतं, जमिनीच्या नोंदी ठेवणारं कार्यालय असतं आणि कर गोळा करणारी यंत्रणा असते. सू काउंटी राज्याच्या वायव्य कोपऱ्यात आहे. लोकसंख्या सुमारे ३६,००० आणि मुख्य ठिकाण ऑरेंज सिटी. १८७०च्या सुमारास आयोवातल्याच पेला गावातून डच कुटुंबं इथे येऊन वसली. ऑरेंज सिटीत आजही दर मे महिन्यात ट्यूलिपचा उत्सव भरतो.

इथली जमीन मोजायला सोपी आहे. १७८५च्या कायद्यातल्या पद्धतीने या भागाची सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशा चौकोनांत आखणी झाली. त्या चौकोनाला टाउनशिप म्हणतात. टाउनशिपचे ३६ भाग पाडले, प्रत्येक भाग एक चौरस मैल, म्हणजे ६४० एकर. हा झाला सेक्शन. त्याचा चौथा हिस्सा १६० एकर. १८६२च्या होमस्टेड कायद्याने वसाहतवाल्यांना जो तुकडा मिळे, तो एवढाच. आजही जमिनीच्या व्यवहारात ‘क्वार्टर’ हा शब्द सर्रास चालतो.

लिलावाचं पत्रक हातात घेतलं तर ही आखणी लगेच दिसते. वर लिहिलेलं असतं: टाउनशिप ९५ उत्तर, रेंज ४४ पश्चिम, सेक्शन अमुक, ईशान्य चतुर्थांश. त्याखाली नांगरटीखालचं क्षेत्र, मातीचे गुण, जमिनीखालच्या निचरा-नळ्यांचा नकाशा, सध्याच्या खंडकऱ्याचा करार संपला आहे की नाही, आणि बोली जिंकणाऱ्याने त्याच दिवशी भरायचा इसार. हा इसार बहुधा दहा टक्के असतो. बोली एकरी लावतात आणि तिला एकरांनी गुणतात. म्हणजे शेजाऱ्याने शंभर डॉलर चढवले, तर एका क्वार्टरमागे सोळा हजार डॉलर वाढले. हा गुणाकार सभागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात चालू असतो.

२. मातीला शंभरपैकी गुण

पत्रकावर ‘मातीचे गुण’ म्हणून जो आकडा असतो, त्याला आयोवात सीएसआर-२ म्हणतात. मका पिकवण्याची मातीची क्षमता शंभरपैकी किती, हे तो सांगतो. मातीचा पोत, उतार, ओलावा धरून ठेवण्याची ताकद, धूप किती होते, पाणी साचतं का, हे सगळं बघून प्रत्येक प्रकारच्या मातीला गुण ठरवलेले आहेत. एका शेतात तीन प्रकारची माती असेल, तर क्षेत्रफळाप्रमाणे सरासरी काढतात.

समजा एका क्वार्टरमधल्या १०० एकरांना ९५ गुण आहेत आणि उताराच्या ६० एकरांना ७९. सरासरी येते ८९. खरेदीदार मग विचारतो, एका गुणाला किती डॉलर? गुणाला १४० डॉलर धरले, तर एकरी भाव झाला १२,४६०. घासाघीस इथून सुरू होते.

सू काउंटीचा बराचसा भाग वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक पिवळसर मातीच्या थरावर आहे. तिला लोएस म्हणतात. हजारो वर्षं या थरावर उंच गवताची कुरणं होती. त्या गवताची मुळं खोलवर जायची, कुजायची आणि मातीला काळा रंग, कस आणि भुसभुशीतपणा देऊन जायची. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी नांगर लागला, तो या साठवणुकीला. सू काउंटी आणि तिच्या पूर्वेला लागून असलेली ओब्रायन काउंटी राज्यातल्या सर्वांत महाग जमिनींच्या यादीत वर असतात, त्यामागचं पहिलं कारण हे. याउलट दक्षिणेला मिझुरी राज्याच्या सीमेवरच्या डिकेटर काउंटीत जमीन उताराची, चिकणमातीची आणि बरीचशी गुरं चारायच्या कामाची. तिथला भाव वायव्य कोपऱ्याच्या निम्म्यालाही पोचत नाही.

३. एका एकरातून हाती काय उरतं?

अमेरिकेत धान्य बुशेलने मोजतात. मक्याचा एक बुशेल ५६ पौंडांचा, म्हणजे साधारण २५.४ किलो. आयोवात अलीकडच्या चांगल्या वर्षांत एकरी २०० बुशेलच्या आसपास मका निघतो. हे झाले सुमारे ५१ क्विंटल.

आता गोल आकड्यांत हिशेब करू. बुशेलला सव्वाचार डॉलर भाव मिळाला, तर २०० बुशेलचे ८५० डॉलर. बियाणं, खत, तणनाशक, डिझेल, यंत्रांची झीज, मका वाळवण्याचा खर्च, विमा आणि स्वतःची मजुरी मिळून ५४० डॉलर धरले, तर उरले ३१०. जमीन स्वतःची नसेल तर यातून खंड द्यायचा. २८० डॉलर खंड दिला की एकरी ३० डॉलर राहतात. मक्याचा भाव बुशेलमागे फक्त १५ सेंटने उतरला, तर तेही गेले.

आयोवातली निम्म्याहून जास्त शेतजमीन खंडानेच कसली जाते. काही ठिकाणी पिकाचा वाटा ठरलेला असतो, पण बहुतेक करार रोख खंडाचे. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या पाहणीत २०२४मध्ये राज्याचा सरासरी खंड एकरी २७९ डॉलर होता. इथला करार मार्चच्या पहिल्या तारखेला सुरू होतो, आणि तो मोडायचा असेल तर आधीच्या १ सप्टेंबरपर्यंत नोटीस द्यावी लागते. ती तारीख चुकली की करार त्याच अटींवर आणखी एक वर्ष चालतो. त्यामुळे ऑगस्टचा महिना मालक आणि खंडकरी दोघांनाही विचारात पाडणारा असतो.

४. खंडावरून किंमत कशी निघते?

जमिनीच्या भावाचं मूळ गणित इथे आहे. बँकेत मुदत ठेव ठेवताना आपण रक्कम आणि व्याजदर बघून वर्षाचं व्याज काढतो. जमिनीत हाच हिशेब उलटा करायचा: वर्षाचं उत्पन्न माहीत आहे, दर माहीत आहे, तर मूळ रक्कम किती?

खंड २८० डॉलर आहे आणि खरेदीदार अडीच टक्के परताव्यावर समाधानी आहे. २८० भागिले ०.०२५, म्हणजे ११,२०० डॉलर. तोच खरेदीदार म्हणाला की मला चार टक्के हवेत, तर २८० भागिले ०.०४, म्हणजे ७,००० डॉलर. माती तीच, पीक तेच, पाऊस तोच, फक्त अपेक्षित परतावा दीड टक्क्याने बदलला, आणि एकरामागे ४,२०० डॉलर कमी झाले. जमिनीचा भाव पिकाच्या भावापेक्षाही व्याजदराला का घाबरतो, ते या भागाकारात आहे.

आयोवा स्टेट विद्यापीठ १९४१पासून जमिनीच्या भावाची पाहणी करत आलं आहे. २०२४मध्ये राज्याची सरासरी एकरी ११,४६७ डॉलर निघाली. २७९ डॉलर खंडाशी ताडून पाहिलं तर परतावा येतो साधारण २.४ टक्के. बँकेत त्याहून जास्त व्याज मिळत असताना कुणी एवढ्यावर समाधान का मानतं? कारण खरेदीदार खंडासोबत जमिनीची भाववाढही विकत घेत असतो. आज घेतलेला एकर वीस वर्षांनी महाग झालेला असेल, हा विश्वास किंमतीत मिसळलेला असतो. हा विश्वास किती महाग पडू शकतो, ते सातव्या भागात बघू.

५. शेजारची डुकरं आणि इथेनॉलचा कारखाना

सारखीच माती असलेल्या दोन काउंट्यांत भाव वेगळे का असतात? मका विकत घेणारा किती जवळ आहे, यावर ते ठरतं.

मक्याचा भाव शिकागोच्या वायदेबाजारात ठरतो, पण शेतकऱ्याला मिळतो गावच्या गोदामावरचा भाव. शिकागोत साडेचार डॉलर असताना गावात चार डॉलर तीस सेंट मिळाले, तर वीस सेंटचा हा फरक वाहतूक आणि स्थानिक मागणी मिळून ठरवतात. सू काउंटीत मागणी दाराशीच आहे. आयोवात डुकरांची सर्वांत मोठी संख्या याच काउंटीत आहे, दहा लाखांहून जास्त. दुधाची आणि मांसाची जनावरं, अंड्यांच्या कोंबड्या त्यावर आणखी. या सगळ्यांना मका लागतो. शिवाय सू सेंटर गावाजवळ मक्यापासून इथेनॉल बनवणारा कारखाना आहे. इथेनॉल काढल्यावर उरलेला चोथा पुन्हा जनावरांच्या खाद्यात जातो.

या जवळिकीने बुशेलला समजा १५ सेंट जास्त मिळाले. एकरी २०० बुशेलचे झाले ३० डॉलर. हे तीस डॉलर दरवर्षी मिळणार असतील, तर मघाच्या भागाकाराने, ३० भागिले ०.०२५, जमिनीच्या किंमतीत १,२०० डॉलरची भर पडली. पंधरा सेंटची ताकद एवढी असते.

डुकरांचा दुसरा परिणाम खताचा. गोठ्याखालच्या हौदात साठलेलं पातळ खत शरद ऋतूत पीक निघालं की नळ्यांनी थेट जमिनीत सोडतात. त्यात नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही असतात आणि विकतच्या खताचा मोठा खर्च वाचतो. पण राज्याच्या नियमाप्रमाणे ठरावीक आकाराच्या वरच्या वराहपालन केंद्राला हे खत कोणत्या जमिनीत जाणार, याचा आराखडा द्यावा लागतो. म्हणजे डुकरं वाढवायची तर जमीन हवीच, आणि ती जवळच हवी, कारण पातळ खत दूर वाहून नेणं परवडत नाही. त्यामुळे कुंपणापलीकडचे ऐंशी एकर विकायला निघाले, की पशुपालकाची बोली निव्वळ मक्यावर जगणाऱ्याच्या बोलीपेक्षा वर जाते.

या समृद्धीची किंमतही आहे. इतकं खत आणि इतका मका एका जागी आला की नायट्रेट निचऱ्याच्या नळ्यांतून ओढ्यात आणि नद्यांत उतरतं. आयोवातल्या नद्यांचं पाणी पिण्यायोग्य करणं हा तिथल्या शहरांपुढचा खरा प्रश्न आहे. जमिनीच्या भावात हा खर्च कुठेच धरलेला नसतो.

६. विकणारे थोडे, घेणारे शेजारी

मोठ्या कंपन्या आणि परदेशी गुंतवणूकदार ही जमीन उचलत असतील, असा समज सर्वत्र आहे. आयोवाच्या कायद्याने परदेशी व्यक्ती आणि कंपन्यांना शेतजमीन घेण्यावर बंधनं आहेत. विद्यापीठाच्या पाहण्या सांगतात की दहातले साधारण सात खरेदीदार आधीपासून शेती करणारेच असतात. बोली शेजाऱ्याविरुद्ध शेजारी अशीच चालते.

विकणारे मात्र कमी. राज्यातली सुमारे दोन तृतीयांश शेतजमीन पासष्टी ओलांडलेल्या मालकांच्या नावावर आहे, आणि जवळपास निम्मी स्त्रियांच्या. त्यांत कित्येक विधवा आहेत. पाच एकरांपैकी चारांहून जास्त एकरांवर कसलंही कर्ज नाही. हे मालक जिवंतपणी विकत नाहीत, त्याला मायेइतकंच कराचंही कारण आहे. आजोबांनी १९७२मध्ये ४८२ डॉलरने घेतलेला एकर आज ११,४६७ला विकला, तर जवळजवळ ११,००० डॉलर नफा दिसतो आणि त्यावर केंद्राचा पंधरा ते वीस टक्के भांडवली नफा कर लागू शकतो. तोच एकर वारसांकडे गेला, तर कायदा मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव हीच वारसांची खरेदी किंमत मानतो. लगेच विकला तर नफा शून्य, कर शून्य. मग म्हातारपणी विकायचं कशाला?

आता जिंकतं कोण ते बघा. ११,५०० डॉलरचा एकर अर्धे पैसे सात टक्क्यांनी कर्ज काढून घेतला, तर नुसतं व्याज ४०२ डॉलर. आपण काढलेली शिल्लक होती ३१०. एकरामागे ९२ डॉलरची तूट, आणि मुद्दल अजून तसंच आहे. ज्याच्याकडे वडिलोपार्जित ६०० एकर कर्जमुक्त आहेत, तो नव्या ८० एकरांची ७,३६० डॉलरची तूट जुन्या जमिनीच्या उत्पन्नातून सहज सोसतो. ज्याच्याकडे उमेद, ज्ञान आणि कष्टाची तयारी आहे पण जमीन नाही, अशा पंचविशीतल्या तरुणाला हे शक्य नाही. उरलेल्या अर्ध्या रकमेसाठी ८० एकरांना साडेचार लाखांहून जास्त डॉलर त्याने आणायचे कुठून?

सुरुवातीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. १९३५मध्ये आयोवात सुमारे २ लाख २२ हजार शेतं होती. २०२२च्या कृषिगणनेत ८६,९११ उरली. जमीन त्या मानाने थोडीच घटली, पण कसणारी कुटुंबं निम्म्याहून खाली आली. घरटी पोरं कमी झाली की शाळा एकत्र होतात, चर्चची बाकं रिकामी पडतात, गावचं अवजारांचं दुकान बंद होतं. चढा भाव मालकाला श्रीमंत करतो, पण गावाला भरल्या घरांचं ठेवत नाही.

७. भाव कोसळतो तेव्हा

‘जमिनीचा भाव कधी पडत नाही’ हे वाक्य आयोवात दोनदा फार वाईट रीतीने खोटं ठरलं आहे.

पहिल्या महायुद्धात धान्य महागलं आणि लोकांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या. १९२०मध्ये आयोवाची सरासरी एकरी २५५ डॉलर होती. १९३३मध्ये ती ६९वर आली. जप्तीचे लिलाव सुरू झाले. काही गावांत शेजारी जमून चार-दोन सेंटची बोली लावत, दुसऱ्या कुणाला बोलू देत नसत, आणि घेतलेला माल मूळ मालकाला परत करत. सू काउंटीच्या दक्षिणेला लागून असलेल्या प्लिमथ काउंटीत, ले मार्स इथे, २७ एप्रिल १९३३ला संतापलेल्या शेतकऱ्यांनी न्यायाधीश चार्ल्स ब्रॅडली यांना न्यायालयातून ओढून बाहेर काढलं. गावाबाहेर नेऊन गळ्यात दोर अडकवला आणि यापुढे जप्तीच्या हुकमावर सही करणार नाही असं वचन मागितलं. ब्रॅडली यांनी ते दिलं नाही. अखेर जमावाने त्यांना सोडलं आणि गव्हर्नरनी तिथे लष्करी कायदा लागू केला. ही माणसं सराईत गुंड नव्हती. कालपर्यंत रविवारी चर्चमध्ये बसणारे ते शेतकरी होते.

दुसरी वेळ आली पन्नास वर्षांनी. १९७२मध्ये सोव्हिएत संघाने मोठी धान्यखरेदी केली आणि भाव उसळले. आयोवाचा एकर १९७२च्या ४८२ डॉलरवरून १९८१मध्ये २,१४७ डॉलरवर गेला. बँका वाढलेल्या किंमतीवर आणखी कर्ज देत होत्या, शेतकरी ते घेऊन आणखी जमीन घेत होते. मग महागाई आवरायला पॉल व्होल्कर प्रमुख असलेल्या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढू दिले, आणि डिसेंबर १९८०मध्ये बँकांचा मूळ दर साडेएकवीस टक्क्यांवर गेला. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेने सोव्हिएत संघाला होणारी धान्यविक्री रोखली होती. चौथ्या भागातला भागाकार आठवा: वरचा आकडा घटला आणि खालचा वाढला. १९८६मध्ये एकर ७८७ डॉलरवर आला. पाच वर्षांत ६३ टक्के घट. हजारो कुटुंबांची शेतं गेली, बँका बुडाल्या, आत्महत्या झाल्या. सप्टेंबर १९८५मध्ये इलिनॉयमध्ये शेतकऱ्यांसाठी ‘फार्म एड’ हा गाण्यांचा मोठा कार्यक्रम झाला, तो याच संकटात.

२०२२-२३मध्ये व्याजदर शून्याजवळून सव्वापाच टक्क्यांच्या वर गेले. तरी २०२४ची सरासरी आदल्या वर्षापेक्षा फक्त सुमारे तीन टक्क्यांनी उतरली. व्याजाचा धक्का या वेळीही बसला, पण बहुतेक जमिनीवर कर्ज नव्हतं, म्हणून कुणाला घाईने विकावं लागलं नाही. भाव कोसळायला नुसतं व्याज पुरत नाही. त्यासोबत कर्जात अडकलेले मालक लागतात.

८. मराठी वाचकाचा याच्याशी संबंध

लातूरच्या बाजारसमितीत सोयाबीनचा सौदा निघतो, तेव्हा शिकागोचा भाव त्यामागे असतोच. भारत खाद्यतेल मोठ्या प्रमाणावर आयात करतो आणि सोयापेंड निर्यात करतो. त्या दोन्हींचे जागतिक दर शिकागोकडे बघून हलतात. आयोवा सोयाबीन पिकवण्यात अमेरिकेच्या पहिल्या दोन राज्यांत असतं. तिथलं पीक भरघोस आलं, की औशाच्या शेतकऱ्यालाही त्याची झळ लागते.

म्हणून महाग जमिनीची बातमी वाचली, मग ती कुठलीही असो, तर चार प्रश्न जरूर विचारा. या एकराचा खंड किती? त्या खंडाने किंमतीवर किती टक्के सुटतात? घेणाऱ्याने कर्ज किती काढलं? आणि विकणारे किती आहेत? या चार उत्तरांशिवाय एकरी भावाचा आकडा काहीच सांगत नाही. सू काउंटीतल्या त्या ७३ एकरांचा भाव नुसत्या मक्याने ठरवला नव्हता. उत्तम माती, दाराशी असलेली मागणी, दुर्मीळ झालेली विक्री आणि शेजाऱ्याचे कर्जमुक्त एकर यांनी मिळून तो ठरवला. पिकाच्या उत्पन्नापासून जमिनीचा भाव जितका दूर जातो, तितकं शेतीचं दार नव्या माणसाला बंद होत जातं.